केसिंग

बर्डीवरच्या त्या गल्लीत, जिथे चार्जर
वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे लटकतात,
जिन्याखाली माझं दुकान.
मे महिना. कूलरच्या खसावर पाणी मारून बसलोच होतो,
तर हेडाऊकाका आले महालातून, ऑटोने,
मांडीवर सीपीयू, टॉवेलात गुंडाळलेला,
तापातल्या पोरासारखा.

"लाइट गेली, आली, अन् हा बसला तो बसलाच.
पाय ना बाप्पा, जमते का."

पॅनेल काढलं. आत कागदाची भुकटी,
एक पाल, वाळून चपटी झालेली,
आणि मदरबोर्डवर कपॅसिटर पुऱ्यांसारखे फुगलेले.
हा गेला, म्हटलं. हार्ड डिस्क बघतो.

चार स्क्रू. चाळीस जीबी. रुंद पट्टीची केबल,
जी आता कोणी विकत नाही.
केसिंग माळ्यावरच्या खोक्यात सापडलं,
अडॅप्टर भलत्याचाच, पण बसला.
जम्पर चिमट्याने सरकवला, झाकण लावलंच नाही,
बटण दाबलं.

आधी काही नाही.
मग टक्.
मग पुन्हा टक्, आणि माझ्या पोटात गोळा.
मग खालून कुठून तरी एक सूर, बारीक होत वर चढणारा.
"फिरून रायली," काका म्हणाले,
आणि त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.
का, ते मी विचारलं नाही.

स्क्रीन म्हणाली: फॉरमॅट करायचं का?
ती नेहमी हेच म्हणते. स्वतःला वाचता आलं नाही
की पुसून टाकू का, विचारते.
सोळा वर्षांत मी शिकलो ते एवढंच,
की तिथे नाही म्हणायचं.

तीन तास लागले. मधे एकदा चहा, एकदा लाइट गेली.
एकेक नाव वर येत गेलं:
सोनटक्के बारसं. पराते वास्तू. निमजे तेरवी.
निमजे तेरवी करेक्शन. निमजे तेरवी करेक्शन फायनल.
"त्यायचं राहू दे. मला एकच पाहिजे.
टेस्ट दोन नावाची."

उघडली. कंस, टक्के, डॉलरची खूण,
मधेच उलटा प्रश्न, एकात एक घुसलेले.
"काका, फाइल आली, अक्षरं नाही आली.
फॉन्ट नेमका डिस्कच्या खराब भागात होता."

त्यांनी चष्मा पुसला.
उजवा हात माझ्या काउंटरवर ठेवला, की-बोर्ड नसलेल्या जागी,
आणि बोटं हलवत, त्या कचऱ्याकडे बघत
वाचू लागले:
आमचे येथे श्रीकृपेकरून…
आमची कन्या चि. सौ. कां. निलाक्षी…
आणि चि. सुगत,
श्री. देवाजी गजभिये यांचे…

मी वर पाहिलं. माझ्या मावशीचं आडनाव.
ते थांबले नाहीत. तारीख वाचली, अकरा मे, दोन हजार आठ.
स्थळ, म्हणाले, आणि बोटं थांबली.
"इथं काही नाही. मले कोणी सांगतलंच नव्हतं
कुठं होऊन रायलं ते."
कूलरचं पाणी टपटपत होतं.
"मीच इचारलं नाही."

दोन दिवस द्या, म्हटलं, फॉन्ट शोधून देतो.
"नको. असंच काढ. एक प्रिंट."
हे कोण वाचणार, काका?
"ते वाचते. बारावीपासून
दुकानातलं सारं टायपिंग तिचंच होतं."

प्रिंटरने खाकरून एक पान दिलं, काळं कमी, करडं जास्त.
त्यांनी घडी घातली, कार्डाची घालतात तशी, आधी नखाने रेघ ओढून.
पैसे मोजले. सुटे दहा माझ्याकडे नव्हते, ते राहिले.
गेले.

टॉवेल इथेच आहे.
डिस्क फिरत होती तशीच, उघडी, तळहातावर गरम.
तिची केबल काढायला मला
जरा वेळच लागला.